घरातले बोलणे आणि इंग्रजी जोडक्रियापदे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यवस्थापक मंडळींनी मला ‘इंग्रजीची भीती’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय मोठा आहे आणि माझ्यानंतर बक्षीस समारंभ असल्यामुळे मुलांचे लक्ष घड्याळाकडे आहे, हे मला इथून दिसते. म्हणून त्या भीतीचा एकच कोपरा मी निवडला आहे. इंग्रजीत एखाद्या साध्या क्रियापदाला अप, ऑफ, आउट, ऑन, डाउन असा इवलासा शब्द चिकटतो आणि अर्थ पार बदलून जातो. शाळेत याला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. मी आपल्या सोयीसाठी जोडक्रियापद म्हणेन.

प्रथम माझी स्वतःची फजिती सांगतो. बी.ए. झाल्यावर मी मुंबईच्या एका कचेरीत लेखनिकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखतीची तारीख आली. आदल्या दिवशी मोबाईलवर आणखी एक संदेश आला. त्यात ‘इंटरव्ह्यू’ हा शब्द होता, माझी तारीख होती आणि शेवटी होते ‘कॉल्ड ऑफ’. ‘कॉल’ म्हणजे बोलावणे, हे मला पाचवीपासून ठाऊक. तेव्हा बोलावणे पक्के झाले असे मी समजलो. अब्बांनी शेजाऱ्यांकडून पैसे उसने आणले, अम्मीने भाकऱ्या बांधून दिल्या आणि मी रात्रीच्या एस.टी.ने मुंबईस निघालो. सकाळी कचेरीच्या दारात पहारेकरी म्हणाला, “आज इंटरव्ह्यू कॅन्सल झालाय. मेसेज नाही आला तुम्हाला?” मेसेज आला होता. माझ्या खिशातच होता.

आता यातली गंमत पाहा. मी शेक्सपिअरचे नाटक अभ्यासून बी.ए. झालेला, आणि तो पहारेकरी फारसा शिकलेला नसावा. पण ‘कॅन्सल’ हा शब्द त्यालाही ठाऊक होता आणि मलाही. संदेशात तो शब्द असता तर आमचे पैसे वाचले असते. घरी परतल्यावर खरे सांगण्याचे धाडस मला झाले नाही. मुलाखत पुढे ढकलली आहे, असे मी अब्बांना सांगितले. पुढे कित्येक दिवस ते मगरीबची नमाज पढून आले की विचारीत, “नवी तारीख आली का रे?” ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे आणि ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, हा फरक मी अशा रीतीने शिकलो. आमच्या मुलांनी तो इतक्या महागात शिकू नये, एवढ्याचसाठी आज मी उभा आहे.

हा दोष केवळ आपल्या मुलांचा आहे असे नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली इंग्रजीचा आपला प्रख्यात कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवले आहे की परकीयांना सर्वांत अधिक अडचण या जोडक्रियापदांची होते. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच अलीकडचे, 1925 साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकातून रूढ झालेले. इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन-दोन शब्द आढळतात, याचे एक कारण इतिहासात आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात व कायद्यात फ्रेंच आली. लॅटिन ही विद्वानांची भाषा होतीच. त्या दोन वाटांनी पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश असे भारदस्त शब्द इंग्रजीत शिरले. पण शेतकरी, सुतार आणि घरातल्या बाया यांचे काम पुट, गेट, टेक, कम, गो यांवरच चालू राहिले. आपणही सरकारी पत्रात ‘स्थगित’ लिहितो आणि ओटीवर बसून ‘पुढे ढकलली’ म्हणतो. तसेच हे आहे.

आमच्याकडे मात्र इंग्रजी आली ती पुस्तकातून. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतरपाठमाला गिरवल्या. त्या पिढीचे व्याकरण पक्के होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुस्तकी वाटेने भारदस्त शब्द आधी आले आणि घरगुती शब्द मागे राहिले. त्यात आजची गाइडे भर घालतात. ‘पुट आउट’चा अर्थ काय, तर ‘टू एक्स्टिंग्विश’. ‘पुट अप विथ’चा अर्थ काय, तर ‘टू टॉलरेट’. मुलाला पहिलेही कळत नाही आणि दुसरेही कळत नाही. अशी पन्नासांची यादी तो परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो आणि पेपर देऊन आल्यावर विसरतो. त्याला दोष कसा द्यावा?

माझे म्हणणे असे की, या कामात आपला मुलगा कोरा नाही. मराठीत आपण दिवसभर हेच करीत असतो. ‘घेणे’ हे एक क्रियापद घ्या. दावा मागे घेतला, काम हाती घेतले, बोलणे मनावर घेतले, भांडण अंगावर घेतले. या कशातही हाताने काही उचललेले नाही. ‘मागे लागणे’, ‘मागे पडणे’, ‘पार पाडणे’, ‘बाहेर पडणे’ यांचे अर्थ कोणी आपल्याला यादी करून शिकविले काय? मोल्सवर्थसाहेबांनी 1831 साली मराठी-इंग्रजी कोश काढला, त्यात ‘लागणे’ या एका शब्दाखाली अर्थांची लांबच लांब रांग लावावी लागली. पाहा, ‘लावावी लागली’ म्हणताना मीसुद्धा तोच शब्द वापरून गेलो. आणि आपल्यापैकी ज्या घरांत उर्दू बोलतात तिथेही ‘गिर पडना’, ‘दे देना’, ‘ले बैठना’ चालतेच. तेव्हा ‘फॉल बिहाइंड’ म्हणजे मागे पडणे, ‘टेक बॅक’ म्हणजे मागे घेणे आणि ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, असे जोडून दाखविले की मुलाच्या चेहऱ्यावर लगेच ओळख दिसते. सगळीच जोडक्रियापदे अशी जुळत नाहीत. ‘पुट अप विथ’ला मराठीत अशी जोडी सापडत नाही, तिथे सरळ ‘सोसणे’ म्हणावे. पण जी जुळतात ती प्रथम शिकवावीत.

दुसरे असे की, कितीतरी इंग्रजी जोडक्रियापदे आपल्या बोलण्यात नाम होऊन आधीच बसली आहेत. एस.टी. ब्रेकडाउन होते. दादीला चेकअपला नेतात. नवरीचा मेकअप होतो. विधानसभेत विरोधकांचा वॉकआउट होतो. आंब्याच्या पेट्या पिकअपमध्ये भरतात. अकरावीच्या प्रवेशाचा कट-ऑफ लागतो, तेव्हा तर सारे घर तोच शब्द बोलत असते. फक्त नाम असताना शब्द एकत्र असतात आणि क्रिया म्हणून वापरताना सुटे होतात, एवढे ध्यानात ठेवावयाचे. ‘द बस ब्रोक डाउन’ म्हणावयाचे. ‘ब्रेकडाउन्ड’ असे काही नसते.

यात कधी कधी विनोदही होतो. माझ्या वर्गात एका मुलाने ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ याचे भाषांतर ‘आम्ही साखरेमुळे धावबाद झालो’ असे केले. सारा वर्ग हसला. मी त्याला रागावलो नाही. कारण त्याला रनआउट ठाऊक होता, फक्त घरातली साखर संपणे त्याने त्या शब्दांशी जोडले नव्हते. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा सांगत आला, “सर, टुडे वी हॅव रन आउट ऑफ चॉक!” आणि खरोखरच खडू संपला होता.

हाच माझा सारा मार्ग आहे. शब्द वस्तूपाशी आणि प्रसंगापाशी शिकावा. पहाटेच मुलाला विचारा, वेक अप आणि गेट अप यांत फरक काय? फज्रच्या अजानीने त्याला जाग येते, ते वेक अप. अम्मीच्या तिसऱ्या हाकेला तो अंथरूण सोडतो, ते गेट अप. मधला वेळ किती, ते ज्याचे त्याने ठरवावे. ‘आय वोक अप ॲट फाइव्ह, बट आय गॉट अप ॲट सिक्स.’ हे वाक्य तो जन्मात विसरणार नाही, कारण ते त्याच्यावर बेतलेले आहे. वुजू करून झाल्यावर ‘टर्न ऑफ द टॅप’. मशिदीच्या पायरीवर ‘टेक ऑफ युवर शूज’, टोपी घालताना ‘पुट ऑन युवर कॅप’. दादीचा चष्मा हरवला की सारे घर तो ‘लुक फॉर’ करते, आणि दादी आजारी पडली की तिला ‘लुक आफ्टर’ करते. एकच ‘लुक’, पण एकदा शोधणे आणि एकदा सांभाळणे. हे फळ्यावर सांगून जितके कळते त्याहून अधिक दादीजवळ बसून कळते.

एक चूक मात्र घरोघरी आहे आणि ती आपल्या मराठीनेच शिकविली आहे. आपण ‘फॅन ऑफ कर’, ‘लाइट ऑन कर’ म्हणतो. म्हणजे इंग्रजीचा शेपटीचा शब्द ठेवला आणि मूळ क्रियापद टाकून तिथे आपले ‘कर’ बसविले. म्हणून मुलगा इंग्रजी बोलताना ‘ऑफ द फॅन’ म्हणतो. ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ म्हटल्याशिवाय ते वाक्य होत नाही. याउलट काही ठिकाणी आपण शेपूट उगाच जोडतो. ‘कोप अप विथ’ असे चांगले शिकलेले लोकही म्हणतात, खरे फक्त ‘कोप विथ’ आहे. ‘रिटर्न बॅक’ही तसेच. ‘रिटर्न’मध्ये परत येणे आलेच.

शब्दांच्या क्रमाचाही एक नियम आहे. ‘टर्न ऑफ द टॅप’ चालते, ‘टर्न द टॅप ऑफ’ही चालते. पण नळाऐवजी ‘इट’ आले की ते मध्येच बसते. ‘टर्न इट ऑफ’ म्हणावे, ‘टर्न ऑफ इट’ म्हणू नये. ‘लुक आफ्टर’ मात्र कधीच फाकत नाही, तिथे ‘लुक आफ्टर हर’ असेच हवे. वरच्या वर्गातील मुलांनी हा नियम व्याकरणात जरूर वाचावा. लहानांच्या मागे तो लावू नये. वीस वेळा ‘टर्न इट ऑफ’ कानावर पडले की चुकीचे वाक्य कानालाच खटकते.

विद्यार्थी मित्रांना आणखी एक इशारा. जोडक्रियापदे शिकलात म्हणून ती सगळीकडे पेरू नका. मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना ‘पोस्टपोन’ हाच शब्द शोभतो. मित्राशी बोलताना ‘पुट ऑफ’. कोणत्या बैठकीत कोणता शब्द, हेही भाषेचेच ज्ञान आहे.

आता पालकांकडे वळतो. आपल्याकडे काही कुटुंबांनी दागिने मोडून मुलांना दूरच्या इंग्रजी शाळेत घातले आहे. त्यांची कळकळ मी जाणतो आणि त्यांना नावे ठेवणार नाही. पण पंधरा दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकविण्याच्या पाट्या पाहून जे फी भरतात, त्यांनी कृपया थोडे थांबावे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी-उर्दू शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत मुलाच्या हाती दहा वर्षे असतात. दहा वर्षांत रोज एक जोडक्रियापद घरात बोलले गेले, तर किती होतात याचा हिशेब मुलांनीच करावा.

मघाशी दारात एक माता मला म्हणाल्या, “सर, आम्हाला तर सहीच तेवढी येते, आम्ही काय शिकवणार?” त्यांना माझे सांगणे असे की, तुम्ही शिकवावयाचेच नाही. तुम्ही मराठीत विचारावयाचे. भात करपला, गॅस संपला, लाइट गेली, पाहुणे अचानक येऊन थडकले, की मुलाला म्हणावे, “हे इंग्रजीत कसे सांगशील?” त्याला आले तर त्याने तुम्हाला शिकवावे. नाही आले तर वहीत मराठीत लिहून दुसऱ्या दिवशी शाळेत मला विचारावे. मलाही आले नाही तर आम्ही दोघे मिळून कोश उघडू. पाहुणे न कळविता आले, याला ‘टर्न अप’ म्हणतात, आणि लाइट जाण्याला ‘गो ऑफ’. आजच्या दोन झाल्या.

वहीत यादी करू नये, प्रसंग लिहावा. तारीख, काय घडले आणि एक वाक्य. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीत पहिल्याच पानावर आहे : ‘माय फादर कॉल्ड अप फ्रॉम द शिप.’ तिचे वडील जहाजावर असतात. महिन्यातून एकदा त्यांचा फोन आला की ती तारीख टाकते आणि तेच वाक्य पुन्हा लिहिते. त्या वहीत ते वाक्य आता नऊ वेळा आहे. ‘कॉल अप’ म्हणजे काय, हे मला तिला एकदाही विचारावे लागलेले नाही.

बक्षिसे वाटावयाची आहेत. कोणाला काही विचारावयाचे असेल तर कार्यक्रमानंतर मी वाचनालयाच्या ओट्यावर बसलेला असेन. खुदा हाफिज.