‘सिस्टर’ नेमकी कोण?

(वरणगाव येथे दहावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे ‘तुम्ही नर्सिंगबद्दल काय सांगणार?’ असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. नर्सचं काम मी शिकवू शकत नाही. पण कुठलं शिक्षण कुठपर्यंत पोहोचवतं आणि कुठलं अर्ध्या रस्त्यात सोडून देतं, एवढं सांगू शकतो. आज तेवढंच बोलणार आहे.

आपल्याकडे दवाखान्यात अ‍ॅप्रन घातलेली कुठलीही मुलगी ‘सिस्टर’ असते. सलाइन लावणारी सिस्टर, केसपेपर काढणारीही सिस्टर. कायदा असं मानत नाही. कायद्याच्या लेखी नर्स म्हणजे जिचं किंवा ज्याचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे ती व्यक्ती. तिथे पोहोचण्याचे सुरुवातीचे रस्ते तीनच: एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षं.

पण गावोगावी ‘नर्सिंग’च्या पाट्या दिसतात. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात सर्टिफिकेट. मदतनीसाचं काम शिकायचं असेल आणि तसं सरळ सांगून शिकवत असतील, तर त्यात गैर काहीच नाही. मात्र ‘तू नर्स होशील’ असं सांगून फी घेतली जात असेल, तर ती फसवणूक आहे. त्या मुलीला सरकारी नर्सच्या भरतीचा फॉर्म भरता येत नाही. नर्स म्हणून सौदीला किंवा जर्मनीला जाता येत नाही. दहा वर्षं राबूनही ती त्याच खुर्चीवर आणि जवळपास त्याच पगारावर राहते. या फसवणुकीत जास्त करून कोण सापडतं? ज्यांच्या घरात विचारायला कुणी शिकलेलं नाही, त्या घरांतल्या मुली. म्हणजे आपल्याच मोहल्ल्यातल्या.

वरणगावकरांना हा फरक समजावून सांगायची गरज नाही. इथे १९६४पासून ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. आयटीआय केलेला फिटर आणि गॅरेजमध्ये हाताखाली शिकलेला मुलगा, दोघांच्या हातात हुनर असेल. भरतीत कागद एकाचाच चालतो. मुलाच्या बाबतीत अब्बू हे बरोबर विचारतात. मुलीच्या बाबतीतही विचारायला हवं.

आता हा पेशा कसा बदलतोय ते पाहू. २०१६मध्ये केंद्र सरकारच्या रुग्णालयांत ‘स्टाफ नर्स’ हे पदनाम जाऊन ‘नर्सिंग ऑफिसर’ आलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या: २००पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, आणि ५०पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही महिन्याला किमान २०,००० रुपये. या शिफारशी सगळीकडे पाळल्या जात नाहीत, हे खरं. पण पगार मागायला आधार मिळाला. आणि तो मागायचा तर आधी रजिस्टरमध्ये नाव हवं. अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. १९४७च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संसदेने मंजूर केला.

माझ्या क्षेत्रानेही या कामात शिरकाव केला आहे. मोठ्या रुग्णालयांत औषधाची वेळ, मात्रा, रक्तदाब आता कॉम्प्युटरवर नोंदवतात. म्हणून नर्सला कॉम्प्युटर आणि इंग्रजी दोन्ही यायला हवं. मग उद्या मशीनच नर्सचं काम करील का? मॉनिटर आकडा दाखवतो. तावडी बोलणाऱ्या आजीला ‘कुठे दुखतंय?’ हे तिच्या बोलीत विचारून, ती लपवत असलेलं दुखणं ओळखणं माणसालाच जमतं.

जून २०२० आठवा. जळगावच्या सरकारी कोविड रुग्णालयात दाखल असलेली भुसावळची एक वृद्ध महिला बेपत्ता झाली. आठ दिवसांनी तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. मी कुणा नर्सला दोष देत नाही. पण खाटेवरचा रुग्ण जागेवर आहे का, हे दर पाळीत जाऊन पाहणारं माणूस वॉर्डात असावं लागतं, आणि पुरेसं असावं लागतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनरल वॉर्डसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष तीन रुग्णांमागे एक नर्स असा आहे. आपण सरकारी वॉर्डात किती पाहतो, हे तुम्हीच सांगा. कोविडमध्ये आपल्या पोरांनी ऑक्सिजन सिलेंडर पोचवले, मय्यती उचलल्या. ती खिदमत मोठीच होती. पण सिलेंडर विकत आणता येतो, शिकलेली नर्स ऐनवेळी आणता येत नाही.

घरात दोन हरकती येतात. पहिली, ‘आपल्या मुलींना हे शोभत नाही.’ मदिनेत मशिदीजवळ तंबू उभारून जखमींवर उपचार करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव आपल्या इतिहासात आहे. खंदकाच्या लढाईत जखमी झालेले साद बिन मुआज यांना त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. दिल्लीच्या जामिया हमदर्दच्या नर्सिंग कॉलेजला त्यांचंच नाव दिलं आहे. रात्रपाळीची काळजी मात्र खरी आहे. तिच्यासाठी हॉस्टेल कसं आहे, जाण्यायेण्याची सोय काय, हे विचारा. मुलीचं शिक्षण थांबवणं हा त्यावरचा इलाज नाही.

दुसरी हरकत, ‘मुलग्यांचं ते काम नाही.’ एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत २० टक्के जागा पुरुषांसाठी आहेत. त्या भरणारी मुलं कुठल्या तरी गावचीच असतात. आपल्याकडची मुलं नीट दोनदा-तीनदा देऊन थकतात आणि मग नाइलाजाने नर्सिंगकडे वळतात. ज्याला हे काम आवडतं त्याने पहिल्याच वर्षी ते निवडावं.

प्रवेश घेण्याआधी तीन प्रश्न विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या. एक, कोर्स संपल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होईल का? दोन, परीक्षा कोण घेतं? बीएस्सीसाठी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि एएनएम-जीएनएमसाठी राज्याचं नर्सिंग व पॅरामेडिकल शिक्षण मंडळ, हे उत्तर यायला हवं. तीन, प्रॅक्टिकल कुठल्या रुग्णालयात आणि किती खाटांच्या? उत्तर देताना समोरचा विषय बदलू लागला, तर उठून या.

बीएस्सीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. आर्ट्सच्या मुलींनी निराश होऊ नये. एएनएम आणि जीएनएमचा दरवाजा त्यांनाही उघडा आहे. पैशांची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा.

आपल्या मोहल्ल्यात कुणाकडे असं सर्टिफिकेट असेल, तर घरी गेल्यावर ते एकदा नीट वाचा. फक्त मदतनीसाचं निघालं, तर त्या मुलीला हिणवू नका. तिला जीएनएमचा फॉर्म आणून द्या. बारावी झालेली असेल, तर तिला अजूनही नर्स होता येईल.