भूशास्त्राची पदवी : बारावीनंतरची एक वाट
(पालक मेळाव्यातील भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोनच नावे ऐकू येतात, डॉक्टर आणि इंजिनिअर. तिकडे जमले नाही की मुलगा ‘नुसता’ बी. एस्सी.ला गेला, असे आपण हलक्या आवाजात सांगतो. त्या ‘नुसत्या’ बी. एस्सी.तील भूशास्त्र या विषयावर मी, एक भूगोलाचा शिक्षक, आज बोलणार आहे.

पुण्याच्या फर्ग्युसन आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत हा विषय शिकवतात. खनिजे ओळखणे, नकाशावरून थरांचा उतार काढणे, दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, असा हा अभ्यास. आपल्या पायाखालचा काळा पत्थर म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. अखंड थरात पाणी मुरत नाही, भेगाळलेल्या आणि झिजलेल्या थरात साठते. म्हणून एकाच्या बोअरला पाणी लागते आणि शेजारची कोरडी जाते. तळहातावर नारळ धरून पाणी दाखवणाऱ्याला आपण पैसे मोजतो, पण हे थर वाचायला शिकलेल्या पोराला कोणी विचारत नाही!

आकाशाची ओढ असलेल्यांनी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार पाहावे. अशनी आदळून झालेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर याच काळ्या पत्थरात आहे. असाच पत्थर चंद्रावर आणि मंगळावरही आहे, म्हणून तिथली विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले आणि त्याच्या रोव्हरने चंद्राच्या मातीतील मूलद्रव्ये तपासली. त्या नोंदींचा अर्थ लावायला खडकांची जाण लागते. ग्रहांच्या संशोधनात जायचे असेल त्याने भूशास्त्राबरोबर गणित आणि पदार्थविज्ञान सोडू नये.

आता अडचणीचे बोलतो. या अभ्यासात क्षेत्रकार्य असते. हातोडा, होकायंत्र, भिंग आणि वही घेऊन काही दिवस डोंगरात मुक्काम करावा लागतो. मुलींची नावे इथेच मागे पडतात. ‘सहलीला कशाला जायचे?’ असे घरी म्हणतात. ही सहल नव्हे, प्रात्यक्षिक आहे. प्रयोगशाळेत आपण मुलीला पाठवतोच, आणि या विषयाची प्रयोगशाळा डोंगरात आहे. सोबत शिक्षिका कोण, राहण्याची सोय कुठे, हे महाविद्यालयाला खुशाल विचारा. तो पालकांचा हक्कच आहे. पण न विचारता नाव काढून घेऊ नका.

पदवी घेताच नोकरी मिळेल, असे मी सांगणार नाही. पुढे एम. एस्सी. करावी लागते. मग केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा केंद्रीय भूजल मंडळात जाता येते. सर्वेक्षणाचे हे खाते १८५१ सालचे आहे.

प्रवेशाचे अर्ज भरताना मदतीला मी शाळेत असेनच. त्या दिवशी मुलांबरोबर आई-वडील दोघांनीही यावे, म्हणजे क्षेत्रकार्याच्या शंका समोरासमोर बोलता येतील.