दोन बेटं, एक बंदर आणि एक दगड
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी विषय दिला, 'माझा अमेरिका-कॅनडा प्रवास'. नायगाराचे फोटो ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनीच टाकलेत, तेव्हा ते सोडून देते. सॉफ्टवेअरच्या कामानिमित्त शहरं बरीच झाली. सुट्टीच्या दिवशी मात्र माझी पावलं एकाच प्रकारच्या जागांकडे वळायची. बाहेरून आलेल्या माणसाला आत घ्यायचं की नाही, हे जिथे ठरायचं, त्या जागा. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्याला त्यांची ओढ वाटतेच.

न्यू यॉर्कच्या बंदरातलं एलिस बेट घ्या. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख माणसं इथून अमेरिकेत शिरली. जिना चढताना कुणाला धाप लागते, कोण लंगडतं, हे डॉक्टर बघत आणि शंका आली की कपड्यांवर खडूने खूण करत. तरी बहुतेक जण काही तासांत सुटत. परत पाठवले गेले ते शंभरात दोनच्या आसपास. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी तर सहसा जहाजावरच उरकायची.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटाची गोष्ट वेगळी. तिथलं केंद्र १९१० ते १९४० चाललं. चिनी मजुरांना १८८२ पासूनच बंदी होती. त्यामुळे 'माझे वडील इथले नागरिक आहेत' असं सांगणाऱ्या मुलाची उलटतपासणी व्हायची. गावातल्या घराला पायऱ्या किती? तिसऱ्या घरात कोण राहतं? वडिलांचं उत्तर जुळलं नाही, तर मुक्काम लांबला. काही जण महिनोन् महिने अडकले. आपल्या देशातली माणसंही तिथे होती. (आपल्या शाळेच्या पायऱ्या किती, सांगा बघू! बघा, आपण सगळे परत!) त्या लोकांनी लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. १९७० मध्ये इमारत पाडायचं ठरलं असताना अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाच्या त्या नजरेस पडल्या, आणि भिंती वाचल्या.

कॅनडात व्हँकूव्हरच्या किनाऱ्यावर 'कोमागाता मारू'चं स्मारक आहे. १९१४ साली ३७६ प्रवासी घेऊन हे जहाज आलं. बहुतेक सगळे पंजाबातले. मायदेशातून थेट, न थांबता आलेल्यालाच प्रवेश, असा तिथला नियम होता, आणि भारतातून थेट येणारं जहाजच नव्हतं! दोन महिने जहाज किनाऱ्यासमोर उभं राहिलं. मोजक्यांना उतरू दिलं, बाकीच्यांना परत धाडलं. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, ती २०१६ मध्ये.

आमच्या क्षेत्रात 'आम्ही मेरिटवर गेलो' असं अभिमानाने सांगतात. मेरिट होतंच, रात्री आम्हीही जागवल्या. पण अमेरिकेने १९४६ साली भारताला वर्षाला १०० जणांचा कोटा दिला होता. तेव्हाच्या एकशे एकाव्या माणसाच्या अंगात गुण कमी होते का? १९६५ च्या कायद्याने ती देशवार वाटणी मोडली, म्हणून आमच्या पिढीची सोय झाली. दार आपण उघडलं नाही, ते उघडं असताना पोचलो. एवढं लक्षात ठेवलं तरी, आपल्या शहरात कामासाठी येणाऱ्या परप्रांतीय माणसाशी बोलताना आपला आवाज खाली येतो.

शेवटची जागा न्यू यॉर्क राज्यातलं पोकिप्सी. तिथल्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचा दगड आहे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या, एवढं आपण शाळेत शिकलो. त्यांना अमेरिकेत आणलं कुणी? न्यू जर्सीच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एक मासिक चाळलं. त्यात गोपाळरावांचं पत्र छापलेलं होतं. मिशनऱ्यांनी मदत नाकारली होती. या बाईंनी, ओळखदेख नसताना, उत्तर लिहिलं, आनंदीबाईंना घरी ठेवून घेतलं, आणि पुढे त्यांच्या अस्थी आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या.

कायदे बदलणं आपल्या हातात नसतं. पत्राला उत्तर देणं असतं. आपल्या या शाळेत आजही पहिल्यांदाच घराबाहेर शिकायला निघालेल्या मुली आहेत. त्यांच्यापैकी कुणी फॉर्मबद्दल, वसतिगृहाबद्दल, नोकरीबद्दल विचारलं, तर 'बघू' म्हणू नका. माझा नंबर मी ऑफिसात देऊन ठेवला आहे. तुमचाही द्या.