धन्याचे नाव, घरची खूण



युरोपातील राजघराण्यांच्या ग्रंथालयांत पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून एक लहानशी छापील चिठ्ठी डकवलेली असे. पुस्तक कोणाचे, एवढेच तिने सांगायचे. पण ते ती अक्षरांपेक्षा चित्रांनीच अधिक सांगे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज ईव्ह या कलावंताने विंडसरच्या राजग्रंथालयासाठी अशा चिठ्ठ्या कोरल्या. इंग्लंडच्या राजचिन्हात इंग्लंड-स्कॉटलंडचे सिंह आहेत, तशीच आयर्लंडची वीणाही आहे. आयर्लंडवरची सत्ता मिरवायला तेथील वीणाही राजाच्या ढालीवर आली! तेव्हा ही नुसती नक्षी नव्हे. हा सत्तेचा दस्तऐवज आहे.

आपल्या जिल्ह्याशी नाते असलेल्या घराण्यांकडे पाहिले, तर मात्र उलटा प्रकार आढळतो. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाईंचे जन्मगाव. २०२४ साली जिल्ह्यालाच त्यांचे नाव मिळाले. त्यांच्या काळी महेश्वरच्या टांकसाळीत पडलेला रुपया पाहावा. लिपी फारसी, नाव दिल्लीच्या शाह आलमचे. पण त्या अक्षरांच्या गर्दीत शिवलिंग आणि बेलाचे पान!

शिंद्यांचेही तसेच. पारनेर तालुक्यातील जामगावचा महादजींचा वाडा आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. त्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात १८८५ पासून इंग्रज सरकारचीच तिकिटे, वर संस्थानाचे नाव छापून, चालू लागली. टपालाच्या पाकिटावर मस्तक राणी व्हिक्टोरियाचे. पण शेजारी सूर्य आणि दोन नाग. नागाने फणा उभारून पूर्वजाच्या मस्तकावर सावली धरली, अशी त्या घराण्याची आख्यायिका आहे.

१८७७ च्या दिल्ली दरबारात तर रॉबर्ट टेलर या मुलकी अधिकाऱ्याने रेखाटलेली विलायती धर्तीची चिन्हे निशाणांवर चढवून संस्थानिकांना देण्यात आली. तो बहुमान होता, तशीच ती मांडलिकीची पावतीही होती.

कोणी विचारील, धनीपण दुसऱ्याचे मान्य केल्यावर घरच्या खुणेची मातब्बरी ती काय? आम्हांस वाटते, त्या रुपयाला विचारावे. बाजारात तो ज्यांच्या हातांतून गेला, त्यांतल्या बहुतेकांना फारसी येत नव्हती. बादशहाचे नाव त्यांना वाचता आले नाही. बेलाचे पान मात्र त्यांनी ओळखले.

म्हणून घरातले जुने पाकीट रद्दीत किंवा जुने नाणे आटणीत जाण्यापूर्वी क्षणभर उजेडात धरावे. नाव कोणाचे ते वाचावे, आणि खूण कोणाची तेही पाहावे.