वाकून दिलेला नकार



परदेशात आपल्या एखाद्या मुलावर हल्ला झाला की त्याची बातमी होते. आपण चार दिवस हळहळतो. पण त्याच मुलाला त्याच शहरात भाड्याची खोली मिळत नव्हती, याची कुठे दोन ओळींचीही बातमी येत नाही. आज मला बोलायचं आहे ते अशा बिनबोभाट नकाराबद्दल. त्यासाठी मी जपान हा देश मुद्दाम निवडला आहे, कारण जपानी माणसाच्या सौजन्याबद्दल दुमत नाही. रस्ता विचारला तर हातातलं काम टाकून चौकापर्यंत सोडायला येतील. लोकलमध्ये विसरलेली छत्री स्टेशनवर जपून ठेवतील. या देशात २०२४ अखेर सुमारे ३८ लाख परदेशी लोक राहत होते. त्यांना भेदभाव अनुभवाला येतो तो बऱ्याचदा घरांच्या एजंटच्या दुकानात.

टोकियोत घर शोधायचं म्हणजे आधी हे दुकान गाठायचं. दुकानाच्या काचेवर घरांचे नकाशे चिकटवलेले असतात. खोलीचं माप, महिन्याचं भाडं, स्टेशनपासून चालत किती मिनिटं, सगळं त्यावर. तुम्ही एक नकाशा पसंत करता. एजंट खुर्ची देतो, चहा पुढे करतो आणि तुमच्यासमोरच घरमालकाला फोन लावतो. ‘भारतीय गृहस्थ आहेत. हो, कंपनीत नोकरी आहे. हो, जपानी बोलतात.’ मग तो नुसताच हं हं करत राहतो. फोन ठेवतो, दातांमधून हवा आत ओढतो, मान तिरकी करतो आणि म्हणतो, ‘जरा कठीण दिसतंय.’ उठून कमरेत वाकतो, माफी मागतो, दुसरा नकाशा काढतो. पुन्हा फोन, पुन्हा हं हं. कुणी आवाज चढवला नाही, वेडावाकडा शब्द काढला नाही, आणि तुम्हाला घर मात्र मिळालं नाही. तक्रार करायची तर कुणाविरुद्ध? घरमालकाला तुम्ही पाहिलेलंही नाही.

हा काही एखाद्या दुर्दैवी माणसाचा अनुभव नव्हे. जपानच्या न्याय मंत्रालयानेच देशातल्या परदेशी रहिवाशांची पाहणी करून २०१७ साली तिचे निष्कर्ष जाहीर केले. उत्तर देणाऱ्यांपैकी २,०४४ जणांनी आधीच्या पाच वर्षांत घर शोधलं होतं. त्यांतल्या ३९.३ टक्के लोकांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता. ४१.२ टक्के लोकांना जपानी जामीनदार नाही म्हणून नकार मिळाला होता. आणि २६.८ टक्के लोकांनी तर ‘परदेशी नकोत’ अशी सूचना वाचून त्या घराचा नादच सोडला होता.

घरमालकाची बाजूही ऐकायला हवी. त्याला धास्ती असते की हा माणूस भाडं थकवून मायदेशी निघून जाईल. कचरा वारानुसार वेगळा करून टाकणार नाही. फोडणीचा वास शेजाऱ्यांना सहन होणार नाही. शिवाय तिथे भाडेकरूला कायद्याचं चांगलं संरक्षण आहे, एकदा घरात घेतलेला माणूस सहजी काढता येत नाही. म्हणून नको त्या माणसाला उंबरठ्याबाहेरच थोपवायचं, हा त्याचा हिशेब. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जपानी माणसांनाही याच हिशेबाने घर नाकारतात. घरात एकटे मरून पडले तर काय, ही भीती. तेव्हा घरमालक दुष्ट आहे असं मी म्हणणार नाही. तो धोका टाळतो आहे. फक्त धोका कोणता, हे तो माणसाकडे पाहून ठरवत नाही, पासपोर्टाकडे पाहून ठरवतो.

मग कायदा काय करतो? जपानी राज्यघटनेचं समतेचं कलम चौदावं आहे, योगायोगाने आपल्यासारखंच. पण ते मुख्यतः सरकारला बांधतं. खाजगी दुकानदाराने वा घरमालकाने वंशावरून भेद केला तर त्याला थेट मनाई करणारा सर्वसाधारण कायदा तिथे नाही. वांशिक भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात जपान १९९५ साली सामील झाला. त्या कराराचा पहिला ठळक उपयोग झाला हामामात्सु या कारखान्यांच्या शहरात. १९९० नंतर तिथे ब्राझीलहून कामगार मोठ्या संख्येने आले होते. ब्राझीलची एक पत्रकार तिथल्या दागिन्यांच्या दुकानात शिरली. मालकाने विचारलं, कुठल्या देशाच्या? ब्राझील म्हटल्यावर तो तिला बाहेर काढू लागला. ती कोर्टात गेली. ऑक्टोबर १९९९ मध्ये न्यायाधीशांनी त्या कराराचा आधार घेऊन तिला १५ लाख येन भरपाई देवविली.

दुसरं प्रकरण होक्काइदो बेटावरच्या ओतारु बंदराचं. या बंदरात रशियन खलाशी उतरत. दारू पिऊन सार्वजनिक स्नानगृहात गोंधळ घालतात, त्यामुळे जपानी गिऱ्हाइकं तुटतात, अशी मालकांची तक्रार होती. म्हणून काही स्नानगृहांनी पाटी लावली, ‘फक्त जपानी लोकांसाठी’. अमेरिकेत जन्मलेले देबितो आरुदो १९९९ साली जपानी पत्नी, दोन मुली आणि मित्रपरिवाराला घेऊन तिथे गेले. आरुदोंना अडवलं. एक मुलगी चेहऱ्याने आईवर गेलेली, दुसरी वडिलांवर. व्यवस्थापकाने सांगितलं, मोठ्या झाल्यावर आईसारख्या दिसणारीला आत घेऊ, वडिलांसारख्या दिसणारीला घेता येणार नाही. दोघी सख्ख्या बहिणी, दोघी जपानी! पुढे आरुदोंनी जपानी नागरिकत्व घेतलं आणि कागद घेऊन पुन्हा त्याच दारात उभे राहिले. कागद खरा आहे हे मान्य झालं, तरी प्रवेश मिळाला नाही. चेहरा जपानी नव्हता ना! प्रकरण कोर्टात गेलं. २००२ साली साप्पोरोच्या न्यायालयाने स्नानगृहाला आरुदोंसह तिन्ही फिर्यादींना प्रत्येकी दहा लाख येन द्यायला लावले. सरसकट सगळ्या परदेशी लोकांना बंदी हा गैरवाजवी भेद आहे, असं न्यायालय म्हणालं. ओतारु नगरपालिकेला मात्र जबाबदार धरलं नाही, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं.

या दोन्ही खटल्यांत एक गोष्ट समान आहे. दुकानदाराने तोंडावर सांगितलं होतं, स्नानगृहाने पाटी लावली होती. म्हणजे पुरावा होता. आता अशी पाटी लावणारा दहा वेळा विचार करेल. फोनवरच्या हं हं ला मात्र पाटी लागत नाही.

आता आपल्या लोकांकडे येऊ. टोकियोच्या एदोगावा भागात निशी-कासाई नावाचं स्टेशन आहे. बाहेर पडलं की भारतीय किराणा, डोशाचा तवा, सलवार-कमीज घालून मुलांना शाळेत सोडणाऱ्या आया. लोक या भागाला छोटा भारत म्हणतात. सन २०००च्या सुमाराला संगणकांतल्या तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी भारतीय इंजिनियर मोठ्या संख्येने टोकियोत आले. बँकांची कार्यालयं ओतेमाचीला, आणि निशी-कासाईहून तिथे थेट मेट्रो. पण जामीनदार कोण होणार? चहाच्या व्यापारासाठी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे राहिलेले जगमोहन चंद्राणी या मुलांच्या मागे उभे राहिले, त्यांनी लोकांकडे शब्द टाकला. आणि जवळच यूआर या निमसरकारी संस्थेच्या मोठमोठ्या इमारती होत्या. यूआरला जामीनदार लागत नाही, मालकाला द्यायची नजराण्याची रक्कम लागत नाही. व्हिसा आणि उत्पन्नाची अट पूर्ण केली की घर मिळतं. एकाला मिळालं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि वस्ती झाली.

पुढे गंमत अशी होते की, ‘हे भारतीय आपापल्यातच राहतात, आमच्यात मिसळत नाहीत’ हे त्याच वस्तीकडे बोट दाखवून म्हटलं जातं. अहो, जिथे दार उघडलं तिथे ते राहिले. मिसळायची संधी मिळाल्यावर काय होतं तेही याच एदोगावाने दाखवलं. महाराष्ट्रातून तिथे गेलेले आणि जपानी नागरिक झालेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच भागाच्या स्थानिक सभागृहात निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते भारतात जन्मलेले पहिले नागरिक.

यूआरच्या खिडकीवर बसणारा कारकून एजंटपेक्षा मनाने थोर असतो असं मुळीच नाही. दोघेही सारखेच नम्र. फरक इतकाच की कारकुनाच्या हातात लेखी नियम असतो आणि त्या नियमात ‘घरमालकाला कसं वाटतं’ हा रकाना नसतो. सौजन्याने चहा मिळतो. घर नियमाने मिळतं.

हे ऐकून जपानला नावं ठेवायची घाई करू नका. पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांना विचारून पाहा, घर कसं मिळालं. आपल्याकडे परदेशी माणसाला जागा दिली की फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं. ती कटकट नको, सोसायटी नाही म्हणते, शेजारी काय म्हणतील, ही आपली कारणं. जपानी घरमालकाला ती अगदी ओळखीची वाटतील. फक्त आपण नकार देताना वाकत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे, टोकियोसाठी आणि पुण्यासाठीही. घर कुणाला द्यायचं याच्या अटी आधी लिहून ठेवा: उत्पन्न किती, अनामत किती, मुदत किती. त्या अटी सगळ्यांना सारख्या लावा. आणि नकार द्यायचा तर कारण कागदावर, सहीनिशी द्या. ‘तुम्ही परदेशी आहात’ हे वाक्य लिहून खाली सही करायला फारसे हात पुढे येणार नाहीत, याची मला खात्री आहे.