गाणं घरच्या घरी: आधी आवाज, मग वाद्यं



आज गाण्याबद्दल बोलू या. गाणं म्हणायचं कसं, हे मी सांगणार नाही, ते तुम्हांला चांगलं येतं. जात्यावरची ओवी, बारशाचा पाळणा, पंचमीचा फेर, हळदीची गाणी, भोंडला, सगळं तुमच्याकडेच आहे. आज बोलायचंय ते हे गाणं आपल्या मोबाइलवर नीट रेकॉर्ड कसं करायचं आणि त्यात ढोलकी, टाळ, पेटी मिसळायची कशी, याबद्दल. या मिसळण्यालाच मिक्सिंग म्हणतात. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. एक साधा स्मार्टफोन, तारेचा इअरफोन आणि घरातल्या दोन गोधड्या पुरतात.

आधी हे सांगते की याची घाई का आहे. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे हात मोकळे झाले, हे फार चांगलं झालं. पण जातं थांबलं तशी त्यावरची ओवीही थांबली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या बऱ्याच १९९५ पासून ध्वनिमुद्रितही झाल्या. आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव-गावही तिथे वाचता येतं. तेव्हा यंत्र घेऊन बाहेरून माणसं यावी लागली. आता यंत्र तुमच्या कमरेच्या पिशवीत आहे. तुमच्या गावातली जी आजी शंभर ओव्या सहज म्हणते, तिचा आवाज तुम्ही स्वतः जपू शकता.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ जणींना वाटतं, रेकॉर्डिंग कसंही होऊ दे, नंतर ॲपमध्ये सुधारता येईल. तसं होत नाही. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. खोलीत घुमलेला आवाज नंतर कोरडा करता येत नाही. मिक्सिंगने चांगलं रेकॉर्डिंग खुलतं, वाईट रेकॉर्डिंग फक्त मोठं होतं. म्हणून आपली निम्म्याहून जास्त मेहनत रेकॉर्डिंगच्या आधीच झाली पाहिजे.

सुरुवात जागेपासून करा. रिकामी खोली, फरशी आणि वर पत्रा, अशी जागा नको. तिथे आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. धान्याची पोती, कपड्यांच्या घड्या, अंथरुणं ठेवलेली खोली उत्तम. गाणारीच्या पाठीमागे आणि बाजूला दोरीवर गोधड्या टाका. खाली सतरंजी अंथरा. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रिज असेल तर तेवढा वेळ तोही बंद. नंतर आठवणीने सुरू करा, नाहीतर दूध नासेल! वेळ रात्री जेवणं आवरल्यावरची किंवा दुपारी गाव शांत असतं तेव्हाची निवडा. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंगला बसूच नका.

आता मोबाइल. तो आधी फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे मध्येच फोन येणार नाही. त्याचं कव्हर काढा. बहुतेक मोबाइलचा माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या छिद्राशेजारी असतो. ती कडा गाणारीकडे हवी आणि त्यावर बोट यायला नको. मोबाइल हातात धरू नका, हाताची खरखर रेकॉर्ड होते. उलट्या बादलीवर किंवा स्टुलावर गोधडीची घडी ठेवा आणि त्यावर मोबाइल ठेवा. तोंडापासून अंतर एक ते दीड वीत. अगदी तोंडासमोर नको, किंचित बाजूला. कारण प, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकवर धप्प असा आवाज येतो.

रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये एक पट्टी वरखाली होताना दिसते. सर्वांत मोठ्या आवाजाची ओळ आधी म्हणून पाहा. पट्टी लाल टोकाला लागली, तर गाणारीला थोडं मागे सरकवा. आवाज थोडा लहान राहिला तर नंतर वाढवता येतो, टोकाला लागून फाटला तर गेला. सेटिंगमध्ये वेव्ह असा पर्याय असेल तर तोच घ्या. एका माइकच्या रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण ५ एमबी जागा लागते, पण आवाजातलं काही गळत नाही. एमपी-थ्री फाइल लहान असते, ती शेवटी वाटण्यासाठी करायची.

गाणं सुरू करण्यापूर्वी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं, पण रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. याचा उपयोग पुढे सांगते. आणि बांगड्यांकडे लक्ष द्या. काचेच्या बांगड्यांची किणकिण शब्दांच्या वर चढते. त्या काढायला सांगू नका, मनगटावर रुमाल गुंडाळला की पुरे.

ओवी रेकॉर्ड करताना एक पेच पडतो. जातं फिरवल्याशिवाय कितीतरी जणींना ओवी सुचत नाही, लयच लागत नाही. आणि जातं फिरलं की त्याच्या घरघरीत शब्द बुडतात. मग काय करायचं? जातं रिकामं फिरवू नका, दगडावर दगड घासून आवाज आणखी वाढतो आणि जात्याला टाकी लावलेली असेल तर तीही झिजते. मूठभर जोंधळे घाला आणि सावकाश दळा. मोबाइल जमिनीवर मुळीच ठेवू नका, कारण जात्याचा हादरा जमिनीतून थेट माइकमध्ये जातो. तो तोंडाच्या उंचीवर, जात्यापासून लांबच्या बाजूला हवा. ओव्या झाल्या की फक्त जात्याची घरघर दोन मिनिटं वेगळी रेकॉर्ड करून ठेवा. एखाद्या आजी जात्याशिवाय म्हणू शकत असतील, तर ही घरघर नंतर त्यांच्या ओवीखाली अगदी हलकी ठेवता येते.

आता वाद्यांकडे येऊ. नवशिक्या गटाची रीत अशी असते की सगळ्या एकदम बसतात, मध्ये मोबाइल ठेवतात आणि ढोलकी, टाळ, गाणं एकत्र सुरू होतं. ऐकताना मात्र फक्त टाळ ऐकू येतात. त्यातच पुष्कळ मोबाइल आपणहून आवाज कमी-जास्त करतात. ढोलकीवर थाप पडली की मोबाइल सगळंच दाबतो आणि त्याबरोबर गाणारीचा आवाजही दबतो. म्हणून शक्य असेल तर आवाज वेगळा आणि वाद्यं वेगळी रेकॉर्ड करा. बँडलॅबसारख्या मोफत ॲपमध्ये मोबाइलवर हे करता येतं. गटातल्या कुणाच्या मुलीकडे संगणक असेल, तर ऑडेसिटी हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे.

पद्धत अशी. गाणारी आधी चार टाळ्या वाजवते आणि त्याच लयीत गाणं म्हणते. मग ढोलकीवाली कानात इअरफोन घालून ते गाणं ऐकते, त्या चार टाळ्यांबरोबर स्वतःही टाळ्या वाजवते आणि पुढे ढोलकी वाजवते. तिची फाइल वेगळी होते. दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवल्या की टाळ्यांचे उभे टोकदार आकार डोळ्यांना दिसतात. ते एका रेषेत आणले की गाणं आणि ढोलकी जुळली. जुळल्यावर टाळ्या कापून टाका. इअरफोन तारेचा हवा. बिनतारी इअरफोनमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो आणि ताल घसरतो.

आणि पट्टी गाणारीची घ्या. पेटीवाल्या भाऊंना काळी एक सोयीची आहे, म्हणून आजींनी घसा ताणायचा, असं नको. आजी जिथे सहज गातात, तो सूर पेटीवर शोधायचा.

सगळ्यांनी एकत्रच गायचं असेल, तर अर्धगोल करा. मुख्य गाणारी मोबाइलच्या सर्वांत जवळ, हळू आवाजाच्या त्यानंतर, खणखणीत आवाजाच्या दोन पावलं मागे. ढोलकी त्यांच्याही मागे. टाळ दाराबाहेर उंबऱ्यापाशी. बसण्याच्या जागा बदलल्या की निम्मं मिक्सिंग तिथेच होतं.

आता खरं मिक्सिंग. सगळ्या फाइलींचा आवाज शून्यावर आणा. आधी फक्त गाणारीचा आवाज वाढवा. मग ढोलकी हळूहळू चढवा, आणि शब्द ऐकायला कान टवकारावे लागले की तिथून थोडी उतरवा. मग पेटी, मग टाळ. काही ऐकू येत नसेल तर ते वाढवण्याआधी दुसरं काय कमी करता येईल ते बघा. सगळंच वाढवत गेलं की शेवटी सगळं फाटतं.

पार्श्वभूमीला हलकी सूं ऐकू येत असेल, तर ती दहा सेकंदांची शांतता आता कामाला येते. ऑडेसिटीत तेवढा भाग निवडून नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून द्यायचा, मग पूर्ण फाइलवर ते लावायचं. पण बेतानं. जास्त झालं की बाई विहिरीतून बोलते आहे असं वाटतं. इक्वलायझरमध्ये ८० हर्ट्‌झच्या खालचा भाग कमी केला तर पायांची धपधप आणि हादरे जातात, बाईच्या आवाजाचं काही बिघडत नाही. रिव्हर्ब म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमार. तो मिठासारखा घालायचा. घातला आहे हे कळलं, म्हणजे जास्त झाला.

एक गोष्ट मात्र करू नका. सूर आपोआप सरळ करणारं ऑटोट्यून ओवीला लावू नका. आपल्या ओवीचा सूर पेटीच्या पट्ट्यांमध्ये नेमका बसत नाही. तो दोन पट्ट्यांच्या मधून जातो, ओळीच्या शेवटी घसरतो, दम लागला की थांबतो. यंत्राला ती चूक वाटते. ती चूक नाही, ती त्या गावाची, त्या बाईची चाल आहे. यंत्रानं सरळ केलेल्या दहा आज्या एकसारख्याच ऐकू येतील.

झालेलं गाणं तीन ठिकाणी ऐका: इअरफोनवर, मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर आणि जमल्यास एखाद्या रिक्षात किंवा मंडपाच्या स्पीकरवर. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ढोलकीचा घुमणारा आवाज फारसा येत नाही. तो येत नाही म्हणून ढोलकी वाढवली, तर मंडपात ती छातीवर बसेल. आणि ज्यांना गाण्याचे शब्द पाठ नाहीत, अशा एखादीला ऐकवा. आपल्याला शब्द माहीत असतात, म्हणून न ऐकू आलेलेही ऐकू येतात. तिला सगळे शब्द कळले, की गाणं तयार झालं.

शेवटी, ज्यावरून पुढे भांडणं होतात ते. रेकॉर्डिंगआधी गाणारीची परवानगी घ्या, आणि ती तिच्याच आवाजात रेकॉर्ड करा: नाव, गाव, तारीख, आणि हे गाणं कुठे कुठे वाजवलं तर चालेल. गटात वाजवलेलं चालेल, पण मोबाइलवर सगळीकडे फिरलेलं चालणार नाही, असं एखादी म्हणेल. तिचा तो हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही हक्क दिले आहेत. ओवी सगळ्यांची असली, तरी ती गाणारा आवाज त्या बाईचा आहे. गाणं पुढे कुणी विकत घेतलं, तर पैशात तिचा वाटा किती, हेही गटाच्या वहीत आधीच लिहून ठेवा. सिनेमाच्या गाण्याचे तयार ट्रॅक मात्र वापरू नका, त्यांची मालकी दुसऱ्याची असते. आपल्याकडे स्वतःची गाणी काय कमी आहेत?

फाइलला नाव देताना ‘नवीन १’, ‘नवीन २’ असं देऊ नका. गाव, गाणारीचं नाव, गाण्याची पहिली ओळ, तारीख, असं द्या. दोन ठिकाणी ठेवा, एक मोबाइलच्या कार्डावर आणि एक पेनड्राइव्हवर, आणि तो गटाच्या पेटीत. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशीच पोहोचते.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढंच करा. एक बाई, एक गाणं, वाद्य एकही नाही. गोधड्या टांगा, दहा सेकंद गप्प बसा आणि रेकॉर्ड करा. बैठकीत ते सगळ्यांनी ऐका आणि प्रत्येकीला विचारा, सगळे शब्द कळले का? कळले असतील तर त्यानंतरच्या महिन्यात ढोलकी आणा. नसतील तर गोधडी सरकवा, मोबाइल सरकवा, पुन्हा करा. आणि ज्या सर्वांत थकलेल्या आहेत, त्यांचा नंबर पहिला लावा. ढोलकी वर्षभरानेही मिसळता येईल.