मोटारीचे ब्रेक आणि आपली जबाबदारी

(भाषणाची संहिता)



मोटार चालते कशी, याचे कुतूहल सर्वांना असते; ती थांबते कशी, याचा विचार फार थोडे लोक करतात. मुलांना शाळेत सोडण्यापासून घाट उतरून गावी जाण्यापर्यंत आपण ब्रेकवर निर्धास्तपणे विसंबतो. म्हणून ब्रेक पॅड घरी कसे तपासावेत, कसे बदलावेत आणि कोणत्या ठिकाणी आपला हात आवरून मिस्त्रीकडे जावे, या तीन गोष्टी मी आपल्यापुढे मांडतो.

प्रथम थोडे शास्त्र. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम येथे कामाला येतो. पेडलवर पाय दिला की ब्रेक ऑइलमधून दाब चाकापर्यंत पोहोचतो, कॅलिपरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. घर्षणाने गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. १००० किलो वजनाची मोटार ताशी ६० कि.मी. वेगावरून थांबविताना सुमारे १ लाख ३९ हजार जूल ऊर्जा निघते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी ३० अंशांवरून ६३ अंशांपर्यंत तापेल. वेग दुप्पट केला तर हा आकडा चौपट होतो. हे काम करताना पॅड झिजणारच. झिजणे हा त्याचा दोष नव्हे. झिजलेला पॅड न पाहणे हा आपला दोष होय.

आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असतात. येथे पुढच्या चाकांपुरतेच सांगतो. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारणपणे १० मि.मी. असतो. तो ३ मि.मी. उरला की पॅड बदलावेत. बाहेरचा पॅड चाकाच्या फटीतून विजेरीने दिसतो, पण आतला पुष्कळदा अधिक झिजलेला असतो. म्हणून चाक काढून दोन्ही पाहावेत. पुष्कळ पॅडना एक लहान पत्री असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून चिरका आवाज करते. तो इशारा समजावा. खरखर ऐकू आली, तर लोखंडावर लोखंड घासत आहे असे समजून गाडी बाहेर काढू नये. ब्रेक ऑइलची पातळी उतरली असेल तर नुसते ऑइल भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजले आहेत की कोठे गळती आहे, ते शोधा.

आता बदलण्याची कृती. गाडी सपाट, टणक जागी उभी करून हँडब्रेक ओढावा व मागच्या चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करून मग जॅक लावावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये. गाडीखाली मजबूत लोखंडी स्टँड हवाच. चाक काढल्यावर कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलावा व तारेने बांधावा. रबरी नळीवर त्याचा भार कधीही पडू देऊ नये. जुने पॅड काढताना कोणता कोठे होता, हे लक्षात ठेवावे. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये, ती फुप्फुसांना अपायकारक असते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी. ऑइलच्या डब्याचे झाकण सैल करून दट्ट्या सी-क्लॅम्पने सावकाश मागे ढकलावा व ऑइल वर येऊन सांडत नाही ना, हे पाहावे. हे ऑइल रंग खाते. नवे पॅड बसविताना त्यांना किंवा डिस्कला तेलाचा हात लागता कामा नये. एका बाजूचे पॅड झिजले असले तरी दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत.

यानंतरची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. दट्ट्या मागे ढकललेला असल्याने पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते. हे विसरून जो गाडी सुरू करील, त्याला फाटकातच ब्रेक मिळणार नाही. पुढे मोकळ्या रस्त्यावर हलके ब्रेक लावून खात्री करावी आणि पहिले २००–३०० कि.मी. कारणाशिवाय करकचून ब्रेक लावू नये.

शेवटी मर्यादेविषयी. डिस्कवर खोल चरे असतील, तिची जाडी तिच्यावरच कोरलेल्या किमान मापाखाली गेली असेल, दट्ट्या हलत नसेल, ऑइल गळत असेल किंवा पेडल मऊ लागत असेल, तर काम तेथेच थांबवून जाणत्या मिस्त्रीला दाखवावे. मागच्या चाकांना विजेवर चालणारा हँडब्रेक असेल, तर तेथे दट्ट्या जोराने ढकलू नये.

वाचकहो, चार पैसे वाचावेत एवढाच या माहितीचा हेतू नाही. पुस्तकातला नियम आणि हातातला पाना यांची एकमेकांशी ओळख असावी, ही माझी शिक्षक म्हणून इच्छा आहे. ज्याला स्वतः पाहता येते, त्याला मिस्त्रीने केलेले कामही पारखता येते. आपल्या भरवशावर मागच्या बाकावर झोपी गेलेल्या मुलांसाठी महिन्यातून दहा मिनिटे काढणे फारसे कठीण नाही.